'नॉलेज फाइट': खोटं बोलणाऱ्याचं नीट ऐकून घेणारा पॉडकास्ट

ॲलेक्स जोन्स हे नाव अमेरिकेत राहणाऱ्यांना नवीन नाही. बाकीच्यांनी निदान 'पाण्यात रसायनं मिसळून बेडकांना गे करताहेत' असं ओरडणाऱ्या माणसाची मीम्स पाहिली असतील. टेक्ससमधल्या ऑस्टिनमधून हा माणूस गेली पंचवीसेक वर्षं 'इन्फोवॉर्स' नावाचा कार्यक्रम चालवतो. रोज काही तास माइकसमोर बसतो आणि जगात जे काही घडतं त्यामागे 'ते लोक' आहेत, असं सांगतो. भूकंप, साथ, निवडणूक, गोळीबार, काहीही असो. 'ते लोक' कोण, हे सोयीप्रमाणे बदलतं.

असल्या माणसाकडे दुर्लक्ष करावं, असं कुणालाही वाटेल. आज ज्या पॉडकास्टची शिफारस करायची आहे तो नेमकं उलटं करतो. त्याचं नाव 'नॉलेज फाइट'. इन्फोवॉर्स म्हणजे माहितीचं युद्ध, म्हणून यांची ज्ञानाची मारामारी. डॅन फ्रीझन आणि जॉर्डन होम्स हे शिकागोच्या कॉमेडीच्या वर्तुळातले दोन मित्र. जानेवारी २०१७मध्ये त्यांनी हा उद्योग सुरू केला आणि आता त्याचे हजाराहून जास्त भाग झाले आहेत. डॅन जोन्सचे कार्यक्रम अख्खेच्या अख्खे ऐकतो, टिपणं काढतो, जोन्सने दाखवलेल्या बातम्यांचे मूळ स्रोत शोधतो. मग निवडक तुकडे जॉर्डनला ऐकवतो. जॉर्डनने त्यातलं काहीही आधी ऐकलेलं नसतं. तो आपल्यासारखाच चक्रावतो, वैतागतो, हसतो. एकाने अभ्यास केलेला आणि दुसऱ्याने मुद्दाम न केलेला, एवढीच या कार्यक्रमाची रचना आहे.

विज्ञानाच्या ब्लॉगवर हे कशाला? विज्ञान म्हणजे फक्त निष्कर्ष नाहीत, दावा तपासायची पद्धतही आहे, म्हणून. आणि ती पद्धत इतक्या चिवटपणे, इतक्या वाह्यात कच्च्या मालावर चालवलेली मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

'हे खोटं आहे' म्हणणं पुरत नाही

अल्बर्टो ब्रँडोलिनी नावाच्या इटालियन प्रोग्रॅमरने २०१३मध्ये गमतीने एक नियम मांडला होता. थापा मारायला जेवढी शक्ती लागते, त्याच्या दसपट शक्ती त्या खोडून काढायला लागते. गमतीचा असला तरी नियम खरा वाटतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्कृष्ट ठरवलं' हा फॉरवर्ड कुणी टाकला, की तो पाठवायला दोन सेकंद लागतात. युनेस्को असली स्पर्धाच घेत नाही हे काकांना पटवायला अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये फॉरवर्ड परत येतोच.

मराठी वाचकांना अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यक्रम आठवत असतील. कार्यकर्ते हातातून अंगारा काढून दाखवायचे, मग तो कसा काढला ते सांगायचे. पाच मिनिटांत काम फत्ते. षड्यंत्राच्या कहाणीबाबत हे जमत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखी एक हातचलाखी नसते. तिथे शंभर लहानमोठे दावे असतात, एकमेकांत गुंतलेले. एक खोडला की बोलणारा दुसऱ्यावर उडी मारतो. वादविवादातल्या या युक्तीला 'गिश गॅलप' म्हणतात. ड्युएन गिश नावाचे उत्क्रांतीविरोधी वक्ते असे एकामागून एक अर्धवट मुद्दे फेकत. एकेकाला उत्तर द्यायला समोरच्याला वेळच उरत नसे.

नॉलेज फाइटचं उत्तर साधं आहे, घाई करायची नाही. जोन्सकडे रोज काही तास असतात, तर यांच्याकडेही तास दोन-तास असतात. समोर जोन्स नसल्यामुळे त्याला उडीही मारता येत नाही. त्याचं वाक्य थांबवायचं, बातमी शोधायची, वाचायची आणि मग पुढे जायचं.

असं केल्यावर काय दिसतं? सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हे, की जोन्सने बातमी वाचलेलीच नसते, फक्त मथळा वाचलेला असतो. बरेचदा मथळ्याखाली त्याच्या म्हणण्याच्या उलट लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे त्याची भाकितं. ११ सप्टेंबरचा हल्ला आपण आधीच सांगितला होता, असं जोन्स सतत मिरवतो. २००१च्या जुलैमध्ये त्याने वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि बिन लादेन यांची नावं घेतली होती, हे खरंही आहे. पण त्याच इमारतीवर १९९३मध्ये बॉम्बहल्ला झालेला होता आणि बिन लादेन तेव्हा अमेरिकेला हवा असलेला गुन्हेगार म्हणून जगजाहीर होता. शिवाय जो माणूस दर आठवड्याला कुठल्या तरी अरिष्टाची तारीख देतो, त्याचं एखादं भाकीत लागणारच. डॅन त्याचे जुने कार्यक्रमही ऐकतो, त्यामुळे न लागलेल्या भाकितांची गंगाजळी त्याच्याकडे असते. नेम किती वेळा लागला हे कळायचं, तर किती वेळा झाडल्या हेही मोजावं लागतं. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातली ही गोष्ट असल्या लोकांच्या बाबतीत कुणी करत नाही.

बेडकांचं काय झालं?

ही पद्धत कशी चालते हे पाहायला त्या प्रसिद्ध बेडकांवरच ती वापरून पाहू. जोन्सचा हा दावा अगदी हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे.

ॲट्राझीन नावाचं एक तणनाशक आहे. अमेरिकेत ते मुख्यतः मक्यावर मारतात. आपल्याकडे मका आणि ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनाही ते ओळखीचं आहे. बर्कलीचे जीवशास्त्रज्ञ टायरोन हेझ यांनी २०१०मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जनुकीयदृष्ट्या नर असलेले आफ्रिकी बेडूक त्यांनी २.५ पीपीबी ॲट्राझीन असलेल्या पाण्यात वाढवले. पीपीबी म्हणजे शंभर कोटींत एक भाग. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ३ पीपीबीपर्यंत ॲट्राझीन चालतं, म्हणजे हे प्रमाण त्याहून कमीच होतं. त्यातल्या सुमारे १० टक्के बेडकांच्या शरीराची वाढ मादीसारखी झाली. त्यांनी नरांशी समागम करून अंडीही घातली. उरलेल्यांपैकी अनेकांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी झालं आणि प्रजननक्षमता घटली.

हे निष्कर्ष वादग्रस्त आहेत. ॲट्राझीन बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासांत असे परिणाम दिसले नाहीत. बेडकांच्या जननग्रंथींच्या वाढीवर ॲट्राझीनचा परिणाम होत नाही, असं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७मध्ये म्हटलं होतं. युरोपीय संघाने २००३मध्येच त्यावर बंदीचा निर्णय घेतला, पण त्याचं कारण बेडूक नव्हते. भूजलातलं त्याचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली राहील याची खात्री देता येत नव्हती, हे होतं.

आता जोन्सने याचं काय केलं ते बघा. शरीराचं लिंग बदलणं आणि लैंगिक कल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने त्या एक केल्या. मग त्याला पेंटागॉनचा 'गे बॉम्ब' जोडला. हीदेखील शुद्ध थाप नाही. १९९४मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या एका प्रयोगशाळेने, शत्रुसैनिक एकमेकांकडे आकर्षित होतील असं रसायन शोधायचा प्रस्ताव खरोखरच मांडला होता. तो कधीच पुढे गेला नाही. २००७मध्ये त्याला शांततेचं इग्नोबेल मात्र मिळालं! एक अर्धवट समजलेला शोधनिबंध आणि एक बारगळलेला प्रस्ताव यांची सांधेजोड करून जोन्सने निष्कर्ष काढला, की सरकार नळाच्या पाण्यातून आपल्यावर रासायनिक हल्ला करतं आहे. त्याच्या दुकानात पाण्याचे फिल्टरही मिळतात, हे सांगायला नकोच.

पण यात एक गोष्ट कायमची झाकली गेली. सिंजेंटाने हेझ यांना बदनाम करायच्या योजना आखल्या होत्या. पुढे एका खटल्यात कंपनीचे अंतर्गत कागद खुले झाले तेव्हा हे उघड झालं. २०१२मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या ॲट्राझीनवरून कंपनीने अनेक स्थानिक पाणीपुरवठा संस्थांशी १०.५ कोटी डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता. म्हणजे बलाढ्य कंपनी, तिच्या मागे लागलेला शास्त्रज्ञ, लपवलेले कागद, असं सगळं इथे खरोखर होतं. आणि आज 'बेडूक आणि ॲट्राझीन' म्हटलं की लोक फक्त हसतात. षड्यंत्रबाज माणूस खऱ्या गैरव्यवहारांवर प्रकाश टाकतो, असा त्याच्या चाहत्यांचा दावा असतो. प्रत्यक्षात तो त्या गैरव्यवहारांना हास्यास्पद करून सोडतो. आरोपी कंपनीला याहून जास्त सोयीचं काय असणार?

हसण्यावारी न नेण्यासारखं

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटू शकतं. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतल्या ६ स्त्रियांना गोळ्या घालून मारलं. जोन्सने त्याच दिवशी संशय घ्यायला सुरुवात केली. पुढची काही वर्षं तो सांगत राहिला, की हा सगळा बनाव आहे, लोकांच्या बंदुका काढून घेण्यासाठी रचलेला, आणि रडणारे आईबाप नट आहेत. एका वडिलांना पत्रकारांसमोर येताना क्षणभर हसू आलं. तेवढ्या क्षणावरून त्यांना वर्षानुवर्षं नट ठरवलं गेलं. या आईबापांना अनोळखी लोकांच्या धमक्या आल्या. एका कुटुंबाला पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. मेलेलं मूल कधी जन्मलंच नव्हतं, असं त्याच्या आईबापांना येऊन सांगणारी माणसं या जगात आहेत आणि ती कुठून तरी हे शिकून आली आहेत.

२०१८मध्ये या कुटुंबांनी टेक्सस आणि कनेक्टिकटमध्ये जोन्सवर खटले भरले. जोन्स मागितलेली कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करत राहिला. शेवटी २०२१मध्ये दोन्ही राज्यांतल्या न्यायाधीशांनी त्याला दोषी धरलं. किती भरपाई द्यायची, एवढाच प्रश्न ज्यूरीपुढे उरला. ऑगस्ट २०२२मध्ये ऑस्टिनच्या ज्यूरीने एका मुलाच्या आईवडिलांना ४१ लाख डॉलर भरपाई आणि वर दंड म्हणून ४.५२ कोटी डॉलर दिले. त्याच खटल्यात साक्ष देताना जोन्सने सँडी हूकची घटना शंभर टक्के खरी असल्याचं कबूल केलं. ऑक्टोबरमध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने आठ कुटुंबं आणि एक एफबीआय अधिकारी यांना ९६.५ कोटी डॉलर द्यायला सांगितलं. न्यायाधीशांनी त्यात ४७.३ कोटींची भर घातली, त्यातले १५ कोटी पुढे अपिलात कमी झाले. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोन्सचं अपील ऐकायला नकार दिला.

या सगळ्यात आपल्या दोन विनोदवीरांचा संबंध येतो. टेक्ससच्या खटल्यात कुटुंबांची बाजू मांडणारे वकील मार्क बँकस्टन या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून आले आहेत. जोन्सविरुद्धच्या कामात या दोघांच्या अभ्यासाचा उपयोग झाला हेही जाहीर आहे. साहजिकच आहे. जोन्स कधी काय म्हणाला, कोणाच्या हवाल्याने म्हणाला, नंतर ते कसं बदललं, हे कार्यक्रम ऐकून कुणी लिहून ठेवलं होतं? वृत्तपत्रांनी नव्हतं ठेवलं, विद्यापीठांनीही नाही. 'याच्याकडे दुर्लक्ष करा' हा शहाणा सल्ला सगळ्यांनी पाळला असता, तर ही नोंदवही तयार झालीच नसती.

भीतीचं दुकान

खटल्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती म्हणजे हिशेब. २०१८मध्ये काही दिवशी इन्फोवॉर्सची एका दिवसाची विक्री आठ लाख डॉलरच्या वर गेली होती. हा पैसा मुख्यतः जाहिरातींतून नाही, तर जोन्सच्या स्वतःच्या दुकानातून येतो. पौष्टिक गोळ्या, आयोडीनचे थेंब, आणीबाणीसाठी साठवायचं अन्न वगैरे. एप्रिल २०२०मध्ये, कोविड ऐन भरात असताना, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला लेखी ताकीद दिली. चांदीचे कण असलेली टूथपेस्ट वगैरे उत्पादनं तो कोरोनावर उपाय म्हणून खपवत होता. चांदी पोटात घेतल्याने कोरोना बरा होत नाही. फार दिवस घेतली तर कातडी निळसर-करडी पडते आणि तशीच राहते, एवढंच होतं.

नॉलेज फाइट ऐकताना ही लय हळूहळू कानाला कळायला लागते. आधी भीती, मग आणखी भीती, मग 'आपल्याकडे यावर एक उत्पादन आहे, आज सवलतीत'. एकदा ही लय ओळखता आली की ती इतरत्रही ऐकू येते. 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत' म्हणणाऱ्या मराठी यूट्यूब चॅनेलवरसुद्धा!

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की खोटं पुन्हा ऐकवलं तर ते आणखी पसरणार नाही का? शंका रास्त आहे. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये दाखवलं, की एखादं विधान वारंवार कानावर पडलं तर ते खरं वाटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच हे दोघं तुकडा ऐकवून सोडून देत नाहीत. लगेच थांबवतात आणि खरं काय ते सांगतात. चूक दाखवली की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो, असं २०१०च्या सुमारास बोललं जायचं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा परिणाम सहसा दिसला नाही. नीट केलेली दुरुस्ती बहुतेकांपर्यंत पोचते.

दुसरा आक्षेप असा, की जोन्सचे भक्त हा पॉडकास्ट थोडेच ऐकणार? बरोबर, नाहीच ऐकणार. माझ्या मते हा कार्यक्रम त्यांच्यासाठी नाहीच. तो त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ज्यांचा भाऊ, सासरे किंवा कॉलेजचा मित्र कुठल्या तरी अशाच बाबाच्या नादी लागला आहे आणि ज्यांना तो काय बोलतो आहे हेच कळेनासं झालं आहे, त्यांच्यासाठी. त्या माणसाशी बोलायचं तर तो काय ऐकतो हे माहीत असावं लागतं. ते सगळं स्वतः ऐकायची आपली ताकद नसते. डॅन आपल्या वतीने ऐकतो.

कुठून सुरुवात करावी

आधी इशारे. भाग लांबलचक असतात. शिव्या भरपूर असतात, मुलं गाडीत असताना लावू नका. अमेरिकी राजकारणाचे संदर्भ न कळल्याने पहिले दोन-तीन भाग डोक्यावरून जाऊ शकतात. दर भागाच्या सुरुवातीला दोघं त्या दिवसातली एक चांगली गोष्ट सांगतात, मग ते एखादं चॉकलेट का असेना. ते सुरुवातीला निरर्थक वाटतं, पुढच्या दोन तासांनंतर त्याची गरज कळते.

पहिल्या भागापासून ऐकायची गरज नाही. 'फॉर्म्युलाइक ऑब्जेक्शन्स' नावाने त्यांनी जोन्स आणि त्याच्या माणसांच्या शपथेवरच्या जबान्यांवर भाग केले आहेत, तिथून सुरू करा. स्टुडिओत गरजणारा माणूस वकिलासमोर बसल्यावर, प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं लागल्यावर कसा बोलतो, हे ऐकण्यासारखं आहे. 'ही बातमी तुम्ही वाचली होती का?' 'हे कोणाकडून कळलं?' 'तुम्ही त्यांना फोन केला होता का?' एवढे साधे प्रश्न, पण वर्षानुवर्षं उभा राहिलेला डोलारा त्यांच्यापुढे डळमळायला लागतो.

इतका वेळ नसेल, किंवा जोन्सचा आवाज सहन होत नसेल, तर 'डीकोडिंग द गुरूज' ऐका. मॅथ्यू ब्राउन हे ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ आणि क्रिस्टोफर कॅव्हना हे जपानमध्ये राहणारे मानववंशशास्त्रज्ञ तो चालवतात. इंटरनेटवरच्या गुरूंना ते एका पट्टीवर गुण देतात. आपल्यावर सतत अन्याय होतो असं म्हणणं, सगळ्या विषयांत अधिकारवाणीने बोलणं, प्रस्थापित संस्थांवर अविश्वास पसरवणं, भक्तांकडून पैसा कमावणं, असे निकष. गुरू हा शब्द आपल्याकडूनच गेलेला असल्याने या पट्टीवर कोणाकोणाला बसवून पाहायचं, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

दोन्हींतून घेण्यासारखी सवय एकच आहे. पुढच्या वेळी कुणी 'अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे' म्हणालं, तर लगेच हसू नका आणि मानही डोलावू नका. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कधी, कशावर प्रयोग करून, हे विचारा. मग तो कागद उघडून मथळ्याखालचं वाचा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.